वेग, दंड आणि रस्ता : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात वाहनचालकांच्या तक्रारींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके आहेत. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. महाडहून वरंध घाटाने भोर-पुण्याकडे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे वाट चढते, तर कशेडी घाट ओलांडल्यावर रत्नागिरी जिल्हा लागतो. एस.टी. गाड्या, महाड औद्योगिक वसाहतीत ये-जा करणारे ट्रक व टँकर, रायगड किल्ल्याकडे येणारे पर्यटक, गावोगावचे प्रवासी वाहणारी मिनीडोअर आणि वडापच्या जीपगाड्या, तसेच गणपती-शिमग्याला गावी येणारा मुंबईकर चाकरमानी या सर्वांचा भार याच रस्त्यांवर पडतो. या रस्त्याने नित्य प्रवास करणाऱ्यांच्या बोलण्यात दोन विषय हटकून निघतात. एक रस्त्याच्या अवस्थेचा आणि दुसरा पोलिसांनी केलेल्या दंडाचा.

कोकणातील दळणवळणाच्या इतिहासात बंदरे, घाटवाटा आणि रेल्वे यांचा विचार बराच झाला आहे. रस्त्यावरील शिस्त, ती लावणारा कायदा आणि त्या कायद्याविषयी चालकाच्या मनात असलेली चीड हा विषय मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. वास्तविक सामान्य नागरिकाचा राज्यसंस्थेशी सर्वांत वारंवार संबंध येतो तो न्यायालयात किंवा कचेरीत नव्हे, तर रस्त्यावर. त्यामुळे दंडाच्या पावतीचा इतिहास हा नागरिक आणि शासन यांच्यातील परस्परविश्वासाचाही इतिहास ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) वेगमर्यादा व तिच्या उल्लंघनाचा दंड यांविषयीच्या कायद्याचा विकास थोडक्यात मांडणे. २) दंड आकारण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलांमुळे चालकांच्या तक्रारींचे स्वरूप कसे बदलले, हे पाहणे. ३) महाड-पोलादपूर परिसरातील घटनांच्या आधारे या तक्रारींमागील मूळ प्रश्नाचा शोध घेणे. लेखाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी प्रामुख्याने मोटार वाहन कायदे, त्यांतील दुरुस्त्या, शासकीय नियम आणि सार्वजनिक नोंदीतील घटना यांचा आधार घेतला आहे.

जलमार्गाकडून रस्त्याकडे

महाड हे मूळचे सावित्री नदीकाठचे व्यापारी बंदर. समुद्रमार्गे आलेला माल खाडीतून वर येई आणि पुढे बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून घाटमाथ्यावर जाई. मोटारगाडी येण्यापूर्वीही रस्त्यावर पैसे द्यावे लागत नव्हते असे नाही. मुंबई इलाख्यात रस्ते व पूल यांवरील पथकराचा कायदा १८७५ साली झाला होता. परंतु पथकर हे वापराचे मूल्य होते. त्यात गाडीवानाच्या वर्तनाचा न्याय होत नव्हता. दंडाची कल्पना या भागातील रस्त्यावर आली ती मोटारीबरोबर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही येथील प्रवासावर पाण्याची हुकमत होती. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून जलमार्गाने निघाले व दासगाव बंदरात उतरून महाडला आले, ही नोंद या दृष्टीने बोलकी आहे. त्यानंतरच्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, महाडजवळ सावित्री नदीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. बंदराचे महत्त्व ओसरण्याचा आणि रस्त्याचे महत्त्व वाढण्याचा काळ तो हाच. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि काही वर्षांतच कोकणातील गावेही एस.टी.च्या वेळापत्रकाने बांधली गेली. मुंबई-गोवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१० च्या फेररचनेत त्याला ६६ हा क्रमांक मिळाला, तरी जुन्या चालकांच्या तोंडी अद्यापही ‘सतरा नंबर’ हाच शब्द येतो.

कायद्याच्या नजरेतील वेग : १९०४ ते १९८८

मुंबई प्रांतात मोटार वाहनांविषयीचा पहिला कायदा १९०४ साली झाला आणि १९१४ साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा आला. परवाना, नोंदणी आणि बेदरकारपणे वाहन चालविण्यास शिक्षा ही या कायद्याची मुख्य सूत्रे होती. मोटारी मूठभर श्रीमंतांकडे आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे असल्याने दंडाचा प्रश्न सामाजिक असंतोषाचा विषय होण्याचे कारण नव्हते.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चित्र बदलले. प्रवासी व मालवाहू वाहनांसाठी परमिटची पद्धत आली. कलम ७१ मध्ये वेगमर्यादेची तरतूद झाली आणि कलम ११५ मध्ये तिच्या उल्लंघनाचा दंड आला. पोटासाठी वाहन चालविणारा नोकरदार चालक हा आता कायद्याचा प्रमुख विषय झाला. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने हाच साचा कायम ठेवला. कलम ११२ वेगमर्यादा सांगते आणि कलम १८३ तिच्या भंगाची शिक्षा सांगते.

कलम १८३ च्या मूळ मजकुरातील तीन गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्याव्यात अशा आहेत. पहिली, वेग जास्त होता असे एका साक्षीदाराचे केवळ मत असेल, तर तेवढ्यावर चालकाला दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक साधनाने केलेल्या मापनावर आधारलेले असावे लागते. हवालदाराच्या नजरेवर चालकाचा दोष ठरू नये, ही खबरदारी कायद्याने आरंभापासून घेतली होती.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाविषयी आहे. एखादे वेळापत्रक किंवा मालकाचा हुकूम असा असेल की वेगमर्यादा मोडल्याखेरीज तो पाळणे व्यवहारतः शक्य नाही, तर ते वेळापत्रक प्रसिद्ध करणाऱ्याने वा हुकूम देणाऱ्याने गुन्हा केल्याचा तो प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल, असे कलम १८३ चे चौथे पोटकलम सांगते. वेग हा नेहमीच चालकाच्या मर्जीचा नसतो, त्यामागे दुसऱ्याची घाई असू शकते, हे सत्य कायद्याला माहीत होते. महाड औद्योगिक वसाहतीतून रात्री निघून पहाटेच्या आत माल पोहोचविण्यास बांधलेल्या ट्रकचालकाला ते निराळे सांगावे लागत नाही. मात्र या तरतुदीची ओळख वाहतूकदारांना आणि चालकांना क्वचितच असते.

तिसरी गोष्ट रकमांची. १९८८ च्या कायद्यात पहिल्या वेळी अतिवेगासाठी चालकाला ४०० रुपयांपर्यंत दंड होता. आपल्या नोकराला अतिवेगाने चालविण्यास भाग पाडणाऱ्या मालकाला मात्र ३०० रुपयांपर्यंतच दंड होता. हुकूम देणाऱ्यापेक्षा हुकूम पाळणाऱ्याची शिक्षा शंभर रुपयांनी अधिक होती. ही विषमता २०१९ च्या दुरुस्तीने दूर केली आणि दोघांना एकाच पंक्तीत बसविले. परंतु तीस वर्षे ती कायद्याच्या पुस्तकात होती, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंडमधील पूर्वानुभव

वेगाच्या दंडाविषयीचा संताप ही आपल्याकडचीच खासियत नाही. इंग्लंडमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस रस्त्याकडेच्या झुडपांआड बसून, मोजलेल्या अंतरासाठी मोटारीला किती वेळ लागला हे घड्याळावर पाहत आणि पुढे गाडी अडवीत. या सापळ्यांविरुद्ध मोटारमालकांनी १९०५ साली ‘ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरत आणि पुढे सापळा असल्याची सूचना सभासदांना देत. १९१० साली तेथील न्यायालयाने असा इशारा देणे म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा आणणे होय, असा निर्णय दिला. तेव्हा संघटनेने युक्ती काढली. एरवी तिचा सेवक सभासदाच्या गाडीवरील बिल्ला पाहून सलाम करी. सलाम केला नाही, तर सभासदाने थांबून कारण विचारावे, असे ठरले. सलाम न करणे हा काही गुन्हा नव्हता.

मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणारा अनोळखी चालक दिव्याचा ‘डिपर’ देऊन पुढे पोलीस उभे असल्याचे सुचवितो. त्याला त्या इंग्रजी सलामाचा इतिहास ठाऊक नसतो. तरी दोन्हींमागील भावना एकच आहे. कायदा मोडणारा आणि न मोडणारा असे दोघेही चालक, पोलिसासमोर एकमेकांचे सोबती होतात. चालकाला वेगमर्यादा मान्य नसते असे नव्हे, पण ती राबविण्याची रीत आपल्याला पकडण्यासाठी आहे, वाचविण्यासाठी नाही, असे त्याला वाटते. इंग्लंडमधील त्या संघटनेचे उत्तरकाळातील कार्य मात्र बोधप्रद आहे. सापळे चुकविण्यासाठी निघालेली ही संघटना पुढे रस्त्यावरील दिशादर्शक व धोकासूचक फलक लावण्याच्या आणि बिघडलेल्या वाहनांना मदत करण्याच्या कामासाठी ओळखली गेली. तक्रारीचे रूपांतर रस्त्याच्या सुधारणेत झाले. आपल्याकडे ते तितकेसे झाले नाही.

पावतीपासून ई-चलानापर्यंत

महाराष्ट्रात ‘पावती फाडणे’ हा वाक्प्रचार दंडाच्या व्यवहारातून रूढ झाला आणि आता कोणत्याही भुर्दंडाला लावला जातो. या पावतीचे चालकाच्या मनातील स्थान दुहेरी होते. पावती म्हणजे भुर्दंड, पण पावती म्हणजे पैसे सरकारी तिजोरीत गेल्याचा पुरावाही. पावतीविना प्रकरण मिटविण्याला ‘चिरीमिरी’ हा निराळा शब्द होता. कायद्याच्या भाषेत कलम २०० खाली जागेवर भरलेली रक्कम ही न्यायालयाने दिलेली शिक्षा नसते, ते तडजोड शुल्क असते. चालक ते भरून न्यायालयात जाण्याचा आपला मार्ग स्वतःहून सोडतो. पण ज्याला पुढचा घाट दिवसाउजेडी ओलांडायचा आहे, त्याच्यासाठी ही निवड नावापुरतीच असते.

या व्यवहारात अनेक दोष होते, तरी त्यात दोन माणसे समोरासमोर होती. चालक आपली अडचण सांगू शकत होता. पोलीस ती ऐकू किंवा नाकारू शकत होता. महामार्ग पोलिसांच्या चौक्यांना ‘वाहतूक मदत केंद्र’ असे अधिकृत नाव आहे आणि त्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कशेडी टॅप’ सारखी नावे या भागात रुळली आहेत. कशेडी घाटात दरड कोसळली, टँकर उलटला किंवा गणपतीच्या गर्दीत वाहतूक खोळंबली, की पावसात उभे राहून रस्ता मोकळा करणारे पोलीस याच केंद्रांतील असतात. अपघातस्थळी प्रथम पोहोचणाऱ्यांतही तेच असतात. ‘मदत केंद्र’ हे नाव सर्वस्वी पोकळ नाही. मात्र ज्याला तेथे फक्त दंडासाठी थांबविले गेले, त्याच्या अनुभवात मदतीचा भाग येत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत ई-चलान पद्धती सुरू झाली आणि २०१९ च्या सुमारास ती राज्यभर पसरली. वेगमापक यंत्र बसविलेली इंटरसेप्टर वाहने महामार्गांवर उभी राहू लागली. कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रासह दंडाचा संदेश वाहनमालकाच्या भ्रमणध्वनीवर जाऊ लागला. चिरीमिरीला यामुळे मोठा पायबंद बसला, हे मान्य केले पाहिजे. यंत्र ओळख पाहत नाही आणि वशिला ऐकत नाही. त्याचबरोबर समोरासमोरचा संवादही संपला. दंड झाल्याचे चालकाला घरी पोहोचल्यावर किंवा गाडी विकण्याच्या वेळी कळू लागले. चलान मालकाच्या नावावर येते, तेव्हा गाडी प्रत्यक्षात कोण चालवीत होते हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ नुसार मालकावर असते. व्यवहारात मालक ती रक्कम पगारदार चालकाच्या हिशेबात धरतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. थकबाकी साचत गेली आणि ती दाखलपूर्व प्रकरणे म्हणून लोकअदालतींसमोर येऊ लागली. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या वसुलीविरोधात संप पुकारला, तो या साचलेल्या असंतोषातूनच.

दरम्यान मोटार वाहन (दुरुस्ती) कायदा, २०१९ मधील दंडाच्या वाढीव तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या. अतिवेगासाठी हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंड ठरला. महाराष्ट्र शासनाने जनक्षोभ लक्षात घेऊन अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. दोन वर्षांहून अधिक काळाचा हा विलंब म्हणजे वाहनचालकांच्या रोषाची राजकीय ताकद शासनाने ओळखल्याचा पुरावाच होय.

तक्रारीचे तीन घटक

वाहनचालकांच्या तक्रारींची छाननी केली असता त्यांत तीन निरनिराळे प्रश्न आढळतात. ते एकत्र मिसळल्यामुळे चर्चा भरकटते, म्हणून ते वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न मापनाचा आहे. यंत्र बरोबर होते का आणि ते कोणी तपासले, असे चालक विचारतो. एका साक्षीदाराच्या मतावर दोष ठरू नये या जुन्या तत्त्वाचाच हा आधुनिक अवतार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १६७-अ ने याचे उत्तर दिले. त्यानुसार अशा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक साधनासाठी मान्यता प्रमाणपत्र आवश्यक असून त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

दुसरा प्रश्न पूर्वसूचनेचा. मर्यादा किती आहे, हे मला कोठे सांगितले होते, अशी विचारणा असते. महाड-पोलादपूर पट्ट्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. २०११ पासून महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि ते दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या सर्व वर्षांत चालकाला काही किलोमीटर रुंद, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता मिळे आणि लगेच अरुंद वळणरस्ता, खडी किंवा अर्धवट पूल लागे. रस्त्याचे रूप क्षणोक्षणी बदलत असताना मर्यादेचा फलक कोठे झाडीआड गेलेला, तर कोठे कामाच्या वेळी काढून ठेवलेला असे. सपाट, सरळ टप्प्यावर इंटरसेप्टर उभे राहते आणि धोक्याच्या वळणावर कोणीच नसते, ही तक्रार येथूनच उगम पावते. नियम १६७-अ अशी साधने अधिक जोखमीच्या व अधिक वर्दळीच्या मार्गांवर बसविण्यास सांगतो. ती बसविल्याची सूचना देणारे ठळक फलक लावणे राज्य शासनावर बंधनकारक करतो आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठविण्याची अट घालतो. म्हणजे चालकाच्या तक्रारीतील ग्राह्य भाग कायद्याने स्वीकारला आहे. उरतो तो अंमलबजावणीचा प्रश्न.

तिसरा प्रश्न परस्पर-उत्तरदायित्वाचा आहे. माझी चूक यंत्र क्षणात टिपते, मग रस्त्याची चूक कोण टिपते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमांच्या पुस्तकात सापडतात. हा तिसरा प्रश्न महाडकराच्या मनात केवळ तर्काने आलेला नाही, त्यामागे अनुभव आहे.

सावित्री पूल आणि रस्त्याचे उत्तरदायित्व

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसात आणि पुराच्या लोंढ्यात सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी पूल कोसळला. शेजारी नवा पूल होता, तरी मुंबईच्या दिशेने जाणारी वाहतूक जुन्या पुलावरून चालू होती. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एस.टी.च्या दोन गाड्या व एक खासगी प्रवासी वाहन नदीत वाहून गेले आणि सुमारे ४० जणांचा बळी गेला. मे २०१६ मध्ये म्हणजे अवघ्या तीन महिन्यांपूर्वी या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य असल्याचे सांगण्यात आले होते. शासनाने निवृत्त न्यायमूर्ती एस. के. शाह यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमला. नवीन पूल १६५ दिवसांत उभारण्यात आला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला.

त्या रात्री त्या गाड्यांच्या चालकांनी वेगमर्यादा पाळली असती किंवा नसती, तरी पुढे पूलच नव्हता. शेजारच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका व्यक्तीने प्रसंगावधान राखून मागून येणारी वाहने थांबविली, म्हणून आणखी हानी टळली. धोक्याची पूर्वसूचना देणारी कोणतीही शासकीय यंत्रणा तेथे त्या क्षणी नव्हती, होते ते एका माणसाचे भान. या घटनेनंतर या भागातील चालकाच्या दंडविषयक तक्रारीचा सूर बदलला असेल, तर त्यात नवल नाही.

त्यानंतर २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. बसमधील एक व्यक्ती वगळता सर्वांचा मृत्यू झाला. घाटातील संरक्षक कठडे आणि रस्त्याची सुरक्षितता यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पुराखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली आणि घाटरस्त्यांची मोठी हानी झाली. अशा भूप्रदेशात सुरक्षितता ही चालकाच्या पायाखालील ब्रेकइतकीच डोंगराच्या उतारावर, मोरीच्या तोंडावर आणि पुलाच्या पायावर अवलंबून असते.

२०१९ च्या दुरुस्ती कायद्यात याच दृष्टीने एक अत्यंत महत्त्वाचे कलम आले, परंतु वाढीव दंडाच्या गदारोळात त्याची चर्चा झाली नाही. कलम १९८-अ नुसार रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल विहित मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार वा सवलतधारक यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९१४ पासून १९८८ पर्यंतच्या कायद्यांनी रस्त्यावरील दोषाचा विचार करताना चालक, मालक आणि वाहन यांच्याकडेच पाहिले होते. रस्ता बांधणाऱ्याकडे दंडाच्या दृष्टीने पाहणारे हे कलम म्हणूनच या इतिहासातील एक वळण आहे. याच दुरुस्तीतील कलम २१०-ब नुसार कायदा राबविणाऱ्या अधिकाऱ्यानेच तो मोडल्यास त्याला दुप्पट दंड सांगितला आहे. कागदावर तरी न्यायाचे पारडे समतोल करण्याचा हा प्रयत्न होय.

प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या यंत्रणेत मोठी तफावत आहे. चालकाचा दोष शोधण्यासाठी यंत्र आहे, वाहन आहे, मनुष्यबळ आहे आणि दंडाचा संदेश आपोआप निघतो. रस्त्याचा दोष शोधण्यासाठी असे काहीही नाही. तेथे आधी कोणीतरी मरावे किंवा अपंग व्हावे लागते, मग चौकशी व्हावी लागते, मग मानकांचा भंग सिद्ध व्हावा लागतो. शिवाय रकमांचे प्रमाणही विचारात घेण्यासारखे आहे. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या चालकाला २,००० रुपये जेवढे जड जातात, तेवढे कोट्यवधींच्या कंत्राटात एक लाख रुपये जड जात नाहीत.

अतिवेगाचे समर्थन नव्हे

वरील विवेचनाचा अर्थ अतिवेगाला माफी असावी असा काढणे चुकीचे ठरेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली. अपघाताचे कारण पोलिसी नोंदीत एकाच रकान्यात भरले जाते आणि त्यात रस्त्याचा वाटा झाकला जाण्याची शक्यता असते, हे ध्यानात घेऊनही हा आकडा दुर्लक्षिता येत नाही. ताशी ७२ किलोमीटर वेगातील वाहन एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडण्याआधीच हे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते. महामार्गाकडेच्या गावांतील शाळकरी मुले, बाजाराला पायी निघालेल्या स्त्रिया आणि दुचाकीस्वार यांच्यासाठी वेगमर्यादा हेच संरक्षण आहे. त्यांची बाजू मांडणारी संघटना नसते आणि त्यांचा संपही होत नाही.

म्हणून चालकाची तक्रार ऐकताना हा न बोलणारा पादचारीही ऐकला पाहिजे. रस्ता खराब आहे म्हणून वेगाचा नियम नको, हा युक्तिवाद उलटा आहे. रस्ता जितका बेभरवशाचा, तितका वेग कमी हवा. पण रस्ता बेभरवशाचा ठेवणाऱ्याला काहीच विचारायचे नाही आणि चालकालाच वारंवार दंड करायचा, यातून नियमाविषयीचा आदर वाढत नाही. दंडाची भीती इंटरसेप्टरपासून काहीशे मीटर टिकते. नियम न्याय्य आहे, ही खात्री असेल तर ती पुढच्या वळणावरही सोबत येते.

निष्कर्ष

१) वेगाच्या दंडाविषयीची वाहनचालकांची नाराजी ही मोटारीइतकीच जुनी असून ती केवळ बेशिस्तीतून आलेली नाही. मापन, पूर्वसूचना आणि परस्पर-उत्तरदायित्व हे तिचे तीन घटक आहेत.

२) मापन व पूर्वसूचना यांविषयीच्या तक्रारींची दखल कायद्याने क्रमाक्रमाने घेतली. यांत्रिक साधनाच्या पुराव्याची अट आणि २०२१ चा नियम १६७-अ ही त्याची उदाहरणे होत.

३) पावतीकडून ई-चलानाकडे झालेल्या प्रवासात गैरव्यवहाराला आळा बसला, परंतु चालकाला आपले म्हणणे मांडण्याची सहज संधी उरली नाही. दंडाला आव्हान देण्याची सोपी, स्थानिक पातळीवरील आणि मराठीतून चालणारी व्यवस्था ही यावरील गरज आहे.

४) महाड-पोलादपूर परिसरात तिसरा घटक सर्वांत तीव्र आहे. सावित्री पुलाच्या दुर्घटनेने रस्त्याच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न येथील लोकांपुढे प्रत्यक्ष उभा केला. कलम १९८-अ हे त्याचे कायदेशीर उत्तर असले, तरी ते वापरले जाण्यासाठी आवश्यक असलेली तपासणीची व नोंदीची यंत्रणा उभी राहणे बाकी आहे.

या संदर्भात परिसरातील महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. इतिहास, भूगोल आणि राज्यशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने महामार्गावरील वेगमर्यादेचे फलक, धोकादायक वळणे, उघड्या मोऱ्या आणि अपघातस्थळे यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर नोंद ठेवावी, आणि ती तहसील कार्यालय, महामार्ग पोलीस व रस्ते विभाग यांना लेखी सादर करावी. चालकाच्या चुकीची नोंद दिनांक, वेळ आणि छायाचित्रासह राहते. रस्त्याच्या चुकीची नोंदही तशीच राहू लागली, तर कलम १९८-अ खाली प्रश्न विचारण्यासाठी लागणारा पुरावा हाताशी येईल आणि दंड भरणाऱ्यालाही आपण एकटेच उत्तरदायी आहोत असे वाटणार नाही.